पावसाळ्यात चित्रे लावताना

महोदय,
आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात आषाढ-श्रावणातही जलरंगांची प्रदर्शने भरतात, ही आनंदाची गोष्ट. पण ओल्या हवेत कागद फुगतो, काचेला आतून दमटपणा धरतो आणि चित्र काचेला चिकटते. ते सोडवताना रंगाचा पापुद्राच निघून येतो. आर्द्रता बरेच दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि तिचे डाग पुसून जात नाहीत. म्हणून काच आणि कागद यांच्यात माउंटबोर्डाची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवीच. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत. फ्रेम भिंतीला टेकत नाही, मागून हवा खेळते. इतके साधे काम, तरी हटकून राहते!

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर असावा. जलरंगांवर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास पुरे.

आणि एक विनंती. चित्रकाराला उद्घाटनाच्या हारतुऱ्यांत बोलायला लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पंधरा-वीस जणांना घेऊन त्याला चित्रांसमोरच उभे करा. कागद कोणता, पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) कधी दिला, असे प्रश्न तिथेच निघतात.

– एक चित्रकलाप्रेमी, राजारामपुरी, कोल्हापूर