पूर्वभागातल्या डीएनए नमुन्यांबद्दल

सोलापूर

प्रिय सुधीर,

पूर्वभागातल्या पद्मशाली (तेलुगूभाषक विणकर) घरांचे डीएनए नमुने घेऊन त्यांच्यात कुठल्या समूहांचं मिश्रण आहे ते शोधायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण किट मागवण्याआधी तुलना कुणाशी करणार ते ठरव. सगळे वापरतात त्या '१००० जीनोम्स' या जगभरच्या डीएनए-संग्रहात २६ समूहांतली २,५०४ माणसं आहेत. त्यात ब्रिटनमधले तेलुगू आहेत, ह्यूस्टनचे गुजराती आहेत. मराठी किंवा कन्नड समूह एकही नाही. तेवढ्यावरच भागवलंस तर सोलापूरकराच्या नावावर 'इतके टक्के गुजराती' असलं काहीतरी लागेल. म्हणून इथले लिंगायत, मराठा, धनगर आणि तेलंगणातले पद्मशाली सोबत हवेतच.

चारही आजी-आजोबांचं गाव, घरात बोलायची भाषा आणि घरनाव लिहून घे. लाळ २ मिली पुरते. आधी अर्धा तास चहा, मावा, तंबाखू बंद. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ आली पाहिजे, वरचा फेस धरायचा नाही. इथेच बरेच नमुने कमी पडतात. संमतिपत्र तेलुगूतही छाप.

खरी गोची नातलगांची. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. एकाच घरातली माणसं यादीत राहिली, की अ‍ॅडमिक्श्चर (माणसाचा वारसा कुठल्या पूर्वज-गटांत विभागतो ते रंगांनी दाखवणारा प्रोग्राम) त्या घरालाच वेगळा रंग देऊन बसतं. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालेल्या लहान समूहाचंही तसंच होतं. तो रंग बघून कुणी 'आम्ही शुद्ध' म्हणायला लागलं, तर तिथल्या तिथे थांबव! आधी मिसळून मग दारं लावून घेतलेला समूहही असाच दिसतो. तेव्हा प्लिंक या प्रोग्राममध्ये आधी नातलग गाळ, मग जोडीने वारशात येणारे बदल विरळ कर (५० बदलांची खिडकी, १० बदलांनी सरकवत, दोन बदलांमधल्या संबंधाची मर्यादा म्हणजे आर-वर्ग ०.१). मग 'के', म्हणजे पूर्वज-गटांची संख्या, २ ते ८ धरून तो रंगांचा प्रोग्राम चालव. मिश्रणाचा पुरावा मात्र एफ-३ चाचणीचा (एक समूह दुसऱ्या दोन समूहांच्या मिसळणीतून आला का, ते ती तपासते): तिचा झेड (आकडा शून्यापासून किती ठामपणे दूर आहे त्याचं माप) उणे ३ च्या खाली गेला तर मिश्रण पक्कं. आकडा ऋण आला नाही म्हणून मिश्रण नाही, असं मात्र लिहू नकोस. जातीतल्या लग्नांनी ती खूण बुजते.

मिश्रणाचा काळ कळतो एकेका पूर्वज-समूहाकडून आलेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या लांबीवरून. 'ग' पिढ्यांपूर्वी मिसळण झाली असेल तर तुकडा सरासरी १००/ग सेंटीमॉर्गनचा (डीएनएवरचं अंतर मोजायचं एकक). सिद्दींमधले (आफ्रिकेतून आलेल्यांचे भारतातले वंशज) आफ्रिकी तुकडे लांबलचक, मिश्रण आठेक पिढ्यांपूर्वीचं. २०१३ च्या अभ्यासात भारतातलं मोठं मिश्रण १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीचं निघालं. तिथे तुकड्यांचा अगदी चुरा झालेला असतो. नुसत्या आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावर किंवा बापाकडून मुलाला येणाऱ्या वाय क्रोमोझोमवर थांबू नकोस: दहा पिढ्यांमागच्या १,०२४ पूर्वजांपैकी ते एकेकाचीच वाट दाखवतात.

प्रश्नावलीचा मसुदा पाठव, पाहून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश