पडलेल्या निवडणुकीबद्दल आभार

आदरणीय मुरादभाई वेल्शी,

१९८७ साली तुम्ही कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या विधानसभेत निवडून गेलात, त्याचं कौतुक पुष्कळांनी केलं. आमचे आभार १९८१ च्या निवडणुकीबद्दल आहेत. ती तुम्ही पडलात.

तुम्ही लिबरल पक्षाचे. टोरोंटोतल्या डॉन मिल्स मतदारसंघात समोर होते सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे डेनिस टिंब्रेल. १९७१ पासूनचे आमदार, त्यात आरोग्यमंत्री. अशा ठिकाणी उभं राहायला छाती लागते. आणि बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला बहुतेक अशाच जागा येतात, पक्ष कुठलाही असो. मेळाव्यात समोसे खाऊन, देणगीचा चेक खिशात घालून फोटो काढणारी नेतेमंडळी तिकीटवाटपाच्या वेळी कशी दिसेनाशी होतात, हे वेगळं सांगायला नको.

मतदान होतं १९ मार्चला. त्या दिवसांत टोरोंटोत जमीन गोठलेली असते. अंगणात पाटी रोवायची तर आधी पहारीने भोक पाडावं लागतं. आळस करून बर्फाच्या ढिगात खोचलेली पाटी, दोन दिवस ऊन पडलं की आडवी. त्याहून किचकट काम यादीचं. घर क्रमांकाप्रमाणे दारं वाजवायची, प्रत्येक नावापुढे खूण करायची: आपला, त्यांचा, कुंपणावरचा. दुसरी फेरी फक्त कुंपणावरच्यांची. मतदानाच्या दिवशी मत देऊन गेलेल्यांची नावं खोडायची आणि संध्याकाळी उरलेल्या ‘आपल्यां’ना फोन लावायचे, लागली तर गाडी पाठवायची. आपली माणसं फसतात ती इथे. सभागृह भरलं की हुरळून जातात. त्यातले कितीतरी दुसऱ्याच मतदारसंघातले, काहींना नागरिकत्व मिळालेलं नाही, म्हणजे मतच नाही. शिवाय दारी आलेल्याला तोंडावर नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. ‘हो हो, तुम्हालाच’ म्हणणाऱ्या प्रत्येकापुढे ‘आपला’ लिहिलं की यादी गेली कामातून.

पडलेल्या निवडणुकीतून हाती उरते ती ही यादी, आणि ती करायला शिकलेली माणसं.

पण हे पत्र खरं तर त्या निकालाच्या रात्रीसाठी. तुमचा मुलगा अली, पुढे पत्रकार झालेला, तेव्हा अकरा वर्षांचा. तो हिरमुसला होता आणि तुम्ही मात्र खुशीत होतात, हे पुढे त्यानेच जाहीरपणे सांगितलं. तुमचा जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, जिथे भारतीय वंशाच्या माणसाला मताचा हक्क नव्हता. तुमचे वडील लहानपणी तिथल्याच गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्म या आश्रमात शिकलेले. तुम्ही तिथून केनियाला, मग १९७१ मध्ये कॅनडाला, ट्रॅव्हल एजन्सीचा धंदा. आणि दहा वर्षांत मतपत्रिकेवर नाव! हरलेल्या रात्री पोराला ही खुशी दिसू देणं, मतदारांच्या नावाने बोटं न मोडणं, याला मोठं मन लागतं. पडल्यावर मतदारांना दोष न देणारे उमेदवार आपल्याकडेही किती सापडतील, देव जाणे.

पुढे १० सप्टेंबर १९८७. डेव्हिड पीटरसन यांच्या लिबरल पक्षाला १३० पैकी ९५ जागा, त्यात डॉन मिल्स. १९९० मध्ये एनडीपी पक्षाच्या बॉब रे यांची लाट आली आणि तुमची जागा गेली. आमदारकी जेमतेम तीन वर्षांची.

आजही पडेल जागेवर कुणी नवखा उभा राहिला की आम्ही त्याला आधी यादी देतो, थंडीचे दिवस असतील तर पहारही. आणि घरात मुलं असतील तर सांगतो, निकालाच्या रात्री त्यांना लवकर झोपवू नका.

आपले,
कॅनडातले काही मराठी कार्यकर्ते