जाहिरातीखालची ती बारीक ओळ मराठीत आणि मोठी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात खोपटला माझं छोटं लेडीज पार्लर आहे, दोन खुर्च्या आणि फेशियलचा एक बेड एवढंच. तुमचा पेपर पार्लरमध्ये रोज येतो आणि रविवारची पुरवणी तर आठवडाभर टेबलावरच असते, नंबर येईपर्यंत बायका ती चाळत बसतात. त्या पुरवणीत हल्ली अँटी-एजिंग क्रीम आणि सीरमच्या पानपानभर जाहिराती येतात, त्याबद्दल मला लिहायचंय.

वर मोठ्या ठळक अक्षरात मराठीत लिहिलेलं असतं की अमुक दिवसांत सुरकुत्या कमी, आणि पानाच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजीत दोन ओळी असतात. माझ्याकडे येणाऱ्या एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचायचा प्रयत्न केला, जमेना, मग मी मोबाईलने फोटो काढून झूम करून त्यांना वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की हा दावा वापरणाऱ्या काही महिलांच्या स्वतःच्या मतावर आधारलेला आहे आणि फोटो फक्त दाखवण्यापुरता आहे. म्हणजे सुरकुती कोणी मोजलेलीच नाहीये, बायकांना विचारलं फरक वाटतोय का, त्या म्हणाल्या हो वाटतोय, आणि त्याच्या जोरावर एवढी मोठी हेडलाइन. मॅडम म्हणाल्या, अगं मग हे मराठीत का नाही लिहीत? त्यांचं बरोबरच आहे आणि तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतेय.

कारण हा नुसता चांगुलपणाचा मुद्दा नाहीये, तसा नियमच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट म्हटलंय की दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खालची सूचना पाहिजे आणि ती नीट दिसेल अशी पाहिजे. दिशाभूल केली तर कंपनीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. तरी मराठी पेपरात मराठी दावा आणि खाली इंग्रजी सूचना हे चाललेलंच आहे. जाहिरात कंपनी बनवून पाठवते हे मला कळतं, पण छापता तुम्ही, आणि तुमच्या पेपरात आलंय म्हणजे खरं असणार असं मानणाऱ्या बायका मी रोज बघते.

आता तुम्ही म्हणाल की पार्लरवालीच ब्युटीच्या जाहिरातींच्या विरोधात कशी. मी नटण्याच्या विरोधात अजिबात नाहीये, तोच माझा धंदा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. दिवसभर घर, ऑफिस, ट्रेन करून आलेली बाई अर्धा तास डोळे मिटून पडते, कोणीतरी तिच्या कपाळावरून हात फिरवतं, कित्येक जणी तर मसाज करताना झोपून जातात. साठीच्या पुढच्या काही जणी फक्त हेड मसाजला येतात, घरात त्यांच्या डोक्याला तेल लावून देणारं आता कोणी राहिलेलं नाही म्हणून. हे सुख त्यांना मिळायलाच पाहिजे. मला राग येतो तो त्या बाईला आधी घाबरवून मग माल विकायचा याचा.

आणि घाबरवलेलं असतं हो खरंच. चाळिशी ओलांडलेली बाई खुर्चीत बसली की आरशात बघून पहिलं हेच म्हणते की ताई बघा ना, किती वय दिसायला लागलंय. मुलीचं लग्न ठरलेली आई येते आणि आनंदाचं काही बोलायच्या आधी म्हणते विहीणबाई माझ्यापेक्षा लहान दिसतात, काहीतरी करा. आता तर पंचविशीच्या मुली येऊन विचारतात रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठी लावतात ते, कधीपासून सुरू करू, आणि बारावीतल्या मुलींच्या पर्समध्ये सीरमच्या बाटल्या असतात. ज्यांच्या तोंडावर अजून मुरुमं येतायत त्यांना सुरकुत्यांची भीती घातलीये, हे कुठेतरी थांबायला पाहिजे. पुरुषांना कोणी असं सांगत नाही, त्यांचे केस पांढरे झाले की ते अनुभवी दिसतात.

याच्या उलटही बायका आहेत आणि त्या मला फार आवडतात. चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी नारळी पौर्णिमेच्या आधी न चुकता आयब्रो करायला येतात, बाकी काही नको. एकदा माझ्या मदतनीस मुलीने त्यांना डी-टॅन सुचवलं म्हणजे उन्हाने काळवंडलेपण काढायचं, तर म्हणाल्या, पोरी, उन्हात बसून मासळी विकली त्याचा रंग आहे हा, ह्याच्यावर माझी दोन पोरं शिकली. खोबरेल तेल आणि डाळीचं पीठ याच्यापलीकडे त्यांनी चेहऱ्याला काही लावलेलं नाही. अशी बाई तुमच्या पुरवणीत कधी दिसत नाही. पन्नाशीच्या त्वचेवर लेख असतो आणि फोटो पंचविशीच्या मॉडेलचा.

वय झाल्यावर त्वचेत काय होतं ते साध्या शब्दांत सांगायला काय हरकत आहे? त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलेजन पंचविशीनंतर हळूहळू कमी व्हायला लागतं, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर जवळजवळ तीस टक्के कमी होतं. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, म्हणजे त्या वयात त्वचा एकदम कोरडी, सैल वाटली तर तिने काही हयगय केलेली नसते, ते शरीराचं चाललेलं असतं. आणि कोलेजनचं क्रीम वरून चोपडून ते आत जात नाही, त्याचा कण त्वचेतून आत शिरण्याच्या मानाने खूपच मोठा असतो, क्रीमने वरचा कोरडेपणा जातो तेवढाच, आणि ते काम साधं मॉइश्चरायझरही करतं. खरं नुकसान करतं ते ऊन. त्यासाठी सनस्क्रीन चांगलंच, पण तेही दोन बोटं भरून लावलं तर उपयोग, आणि बाटलीवर एसपीएफ म्हणून जो आकडा असतो, त्यात 30 ने त्वचा भाजणारी साधारण 97 टक्के तर 50 ने 98 टक्के किरणं अडतात, मग त्या एका टक्क्यासाठी जास्त पैसे का मोजायचे ते बाईने स्वतः ठरवावं. आपल्या ठाण्यातल्या मुली स्कूटी चालवताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात ना, त्याला फारसा खर्च नाही आणि तो कामाचा आहे.

खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये काउंटरला उभी राहणारी एक ताई माझ्याकडे आली, गालावर वांग होते म्हणून. सुपरवायझरने तिला फ्रेश दिसत जा असं दोन-तीनदा सुनावलं होतं. जाहिरातीतलं सीरम परवडेना म्हणून तिने मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेली ट्यूब आणली, पहिले काही आठवडे चेहरा एकदम उजळला, मग बंद केली की आग व्हायची म्हणून परत लावायची, असं कित्येक महिने चाललं. माझ्यासमोर बसली तेव्हा गालाची कातडी पातळ, लाल, चकचकीत झालेली, आतल्या बारीक शिरा दिसत होत्या आणि हनुवटीवर केस आलेले. ट्यूबवर बघितलं तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे, आणि ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्यावर लावायचं नसतं. मी तिचं फेशियल केलं नाही, सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत केसपेपर काढायला लावला. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मागितली की मिळतात. अकोल्याचं प्रकरण तर तुमच्याच पेपरात वाचलेलं, गोरं करणारं क्रीम लावून एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना इजा झाली, क्रीममध्ये पारा निघाला. कंपन्यांच्या जाहिराती आणि असली क्रीम वेगळी आहेत हे मला माहितीये. पण आपल्या चेहऱ्यात काहीतरी बिघडलंय ही भावना बाईच्या मनात जाहिरातीच घालतात, आणि पैसे नसले की ती तेच औषध स्वस्तात शोधायला निघते.

बाहेरच्या देशांत निदान काहीतरी होतं. ब्रिटनमध्ये 2011 साली हॉलिवूडची नटी ज्युलिया रॉबर्ट्सची फाउंडेशनची जाहिरात तिथल्या जाहिरात संस्थेने बंद करायला लावली, फोटोत दिसणारी त्वचा खरंच त्या प्रॉडक्टने होते हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही म्हणून. नॉर्वेत 2022 पासून जाहिरातीतला चेहरा किंवा शरीर एडिट केलं असेल तर तसं लिहावंच लागतं. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये सांगितलं की सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेलं असं जाहिरातीत दाखवायचं नाही. मग पन्नाशीच्या बाईला तसं दाखवलेलं कसं चालतं?

तुम्ही जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही, पेपर चालवायला त्या लागतात. पण खालची सूचना मराठीत आणि वाचता येईल एवढी असेल तरच जाहिरात घेऊ, हे तुमच्या जाहिरात विभागाने ठरवलं तर ते तुमच्या हातात आहे. पुरवणीत वयाच्या लेखाला त्या वयाच्या बाईचा फोटो लावा, एडिट न केलेला. महिन्यातून एकदा सरकारी हॉस्पिटलच्या त्वचारोग डॉक्टरांना स्टेरॉइड क्रीमवर, वांगावर, पाळी गेल्यानंतरच्या त्वचेवर लिहायला सांगा. आणि फसवी जाहिरात दिसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करता येते हे त्याच पानावर छापा, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींना हे माहितीच नाहीये. दिवाळीच्या आधी या जाहिराती दुपटीने येतात, त्याच्या आत हे सुरू करता आलं तर फार बरं होईल.

आपली,
एक पार्लरचालक, खोपट, ठाणे (प.)