बोट एक, सहली दोन

म्युनिक,
२२ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर दोघांचं ऐकून घेतलं. बाबा म्हणतात, "ती येत नसेल तर बादामी रद्द." आई म्हणते, "मी कुठे अडवलंय, खुशाल जा." या दोन्ही वाक्यांचा घरातला अर्थ मला ठाऊक आहे, म्हणून तेव्हा मध्ये पडले नाही. आमच्या क्रोएशियाच्या सहलीचे फोटो तुम्ही पाहिलेत. फोटोंत आम्ही दोघं सगळीकडे हसतोय, पण फोटो भांडण झाल्यावर काढतात थोडेच!

बाबा, बोट तुम्हाला आवडली असती. ३४ फुटी, शिडाची, भाड्याची. स्प्लिटजवळच्या बंदरात शनिवारी ताब्यात घ्यायची आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी परत आणून लावायची. तिकडे बोट चालवणाऱ्याकडे परवाना लागतो, शिवाय रेडिओ वापरायचा दाखला लागतो. दोन्ही माझ्याकडे, त्यामुळे कप्तान मी आणि तुमचे जावईबापू खलाशी. नागपूरचा माणूस. पाण्याशी संबंध अंबाझरी तलावापुरता.

मला हवा होता समुद्र. दिवसभर शिडावर जायचं, संध्याकाळी एखाद्या निर्जन खाडीत नांगर टाकायचा, आजूबाजूला एकही दिवा नको. निखिलला हवी होती गावं, गल्ल्या, जुने दगड, गरम पाण्याची आंघोळ आणि न हलणारं टेबल. स्प्लिटला रोमन सम्राट डायोक्लेशियनचा इ.स. ३०५च्या सुमाराचा राजवाडा आहे. त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. निखिल तिथे अख्खी दुपार रमला. मी तेवढ्यात वाणसामान भरून बोटीची कागदपत्रं उरकली.

तिथल्या समुद्राला भरती-ओहोटी म्हणावी अशी नाहीच, हातभरसुद्धा पाणी चढत-उतरत नाही. दाभोळच्या खाडीत वाढलेल्या माणसाला हे विचित्रच वाटेल. हिशेब ठेवायचा तो वाऱ्याचा. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून 'माएस्त्राल' सुटतो, म्हणजे शाळेत शिकलो तो खारा वारा, आणि सूर्य बुडता बुडता पडतो. तो शहाणा. 'बुरा' डोंगरावरून अचानक झेपावतो. आणि 'युगो' आग्नेयेकडून येतो, ढग आणि दमट हवा घेऊन, आणि लाटा उठवत दोन-तीन दिवस हलत नाही.

व्हिस बेटाकडे जाताना निखिलला बोट लागली. चांगलीच लागली. मी त्याला तुमचंच औषध दिलं, बाबा. भाऊच्या धक्क्यावरून दाभोळला येताना तुम्ही लोकांना सांगायचात तसंच, खाली झोपू नको, मध्यावर बस, क्षितिजाकडे बघ. आईने दिलेला आलेपाक संपला. एकदा बरं वाटल्यावर मात्र त्याने बंदरात कमाल केली. तिकडे बोट पाठमोरी धक्क्याला लावतात. धक्क्यावरचा माणूस पाण्यातून एक बारीक दोरी वर काढून देतो. ती हातावर हात ओढत पार पुढच्या टोकापर्यंत न्यायची, मग तिच्या शेवटी जाड दोर येतो, तो ताणून बांधायचा. दोरीला शेवाळ, त्यात शिंपल्यांच्या कडा, आणि बाजूच्या बोटींवरची मंडळी वाइनचे पेले घेऊन बघत बसलेली. निखिलने हात कापून घेतला, पण दोर सोडला नाही.

भांडण त्याच रात्री. युगोस्लाव्हियाच्या काळात व्हिसवर लष्कराचा तळ होता, १९८९पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नसे. डोंगरात बोगदे आहेत, पाणबुड्या लपवायची जागा आहे. निखिलला ते सगळं बघायचं होतं. मला युगो यायच्या आत लास्तोव्हो बेट गाठायचं होतं, आणखी दूर, आणखी अंधारात. शेजारच्या बोटीवरचा माणूस कुशीवर वळला तरी ऐकू येत होतं, त्यामुळे सगळं भांडण कुजबुजत. (हा उपाय तुम्हीही करून बघा.) शेवटी ठरलं ते असं. दोर सुटलेले असतील तेव्हा माझं ऐकायचं, दोर बांधले की त्याचं. आणि दुसऱ्याने सोबत आलंच पाहिजे, असं नाही.

त्याने बोगदे बघितले. मग युगोचा इशारा आला आणि आम्ही ह्वार बेटावरच्या स्तारी ग्राडच्या लांबट खाडीत शिरलो. वारा उतरेपर्यंत तिथेच. निखिलने सायकल भाड्याने घेतली आणि दिवसभर शेतं पालथी घातली. इसवी सनापूर्वी ३८४मध्ये पारोस बेटावरचे ग्रीक इथे वसले, त्यांनी जमीन आखून वाटून घेतली, आणि त्या वाटणीचे दगडी बांध अजून जागेवर आहेत. आत द्राक्षं आणि ऑलिव्ह. २००८पासून युनेस्कोच्या यादीत आहे सगळं. बाबा, २,४०० वर्षं बांध सरकला नाही, आणि आपल्याकडे काकांचा कुंपणावरून दावा! मी बोटीतच होते. शिडाची उसवलेली कड शिवली, रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकला, झोपले. मला त्याच्यासोबत जायला हवं होतं असं एकदाही वाटलं नाही, आणि त्यालाही वाटलं नाही. संध्याकाळी जेवताना तो बांधांबद्दल बोलत होता आणि मी खरोखर ऐकत होते. व्हिसच्या आधी मी घड्याळ बघत ऐकत असे.

लास्तोव्हो राहिलं. त्याची चुटपुट आहे, आणि पुढच्या वर्षीपर्यंत राहील.

तर आता तुमचं. बाबा, तुम्हाला पहाटे सहाला ऐहोळे, दहाला पट्टदकल आणि दुपारी बादामीच्या तिसऱ्या लेण्यातला ५७८चा शिलालेख हवा आहे, तो बघाच. बँकेतले मित्र केव्हापासून मागे लागलेत, त्यांच्याबरोबर जा. आईच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपणार नाहीत, आणि झेपल्या तरी तिला त्यात रस नाही, हे ती तुम्हाला तोंडावर कधी सांगणार नाही म्हणून मी सांगते. आईला गुहागरला मावशीकडे राहायचंय, सकाळी व्याडेश्वर, संध्याकाळी किनाऱ्यावर गप्पा. आई, तूही "यांच्या जेवणाचं काय" हे कारण काढू नकोस. चालुक्यांच्या गावात जेवण मिळतं.

बादामीहून बाबांनी घरी न येता कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरून थेट गुहागर गाठावं. परतताना धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घालून दोघं दाभोळला उतरा. तेवढ्या पाण्यावर तरी तुमचं एकमत असतं.

मावशीशी मी बोलले आहे. दिवाळीनंतर वरची खोली मोकळी आहे, तिला तारीख मात्र या आठवड्यात हवी. निखिल नमस्कार सांगतो, आणि आलेपाक मागतो.

तुमची,
मनू