आक्रसली म्हणजे आठवलं असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात आकार आठवणाऱ्या पॉलिमर धाग्यांवर (म्हणजे ओढून थंड केले की तसेच राहणारे आणि तापवले की मूळ आकारात परत येणारे धागे) लेख आला, मराठीत कोणीतरी यावर लिहितंय हे बघूनच बरं वाटलं. पण गरम पाण्यात आक्रसलेल्या जाळीचा फोटो टाकून "कापडाला जुना आकार आठवला" असं खाली छापलंय ना, तिथे मी अडकलो, कारण नेमकी हीच चूक मी स्वतः केलीय.

अशी जाळी ज्या पद्धतीने बनवतात त्या इलेक्ट्रोस्पिनिंगमधे होतं काय, सुईच्या टोकावर पॉलिमरच्या द्रावणाचा थेंब लोंबत असतो, 10-20 हजार व्होल्ट दिले की तो गोल राहतच नाही, शंकूसारखा टोकदार होतो आणि त्यातून एक धार सुटते, ती चाबकासारखी गरगरत, वाटेतच सॉल्व्हंट (ज्या द्रवात पॉलिमर विरघळवलेला असतो तो) उडून जात, समोरच्या फॉइलवर येऊन बसते. धागा केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा. (द्रावण पातळ झालं की धाग्याऐवजी मण्यांची माळ येते, मग दिवस गेलाच समजा.) आता या गरगरण्यात धागा जाम ताणला जातो आणि तो ताण तसाच आत गोठून राहतो. म्हणजे जाळी पहिल्यांदा गरम केली की ती आक्रसणारच, तुम्ही तिला काही शिकवलेलं असो वा नसो.

मी ताणलेली जाळी गरम पाण्यात टाकली, ती आक्रसली, मी खूश. आमच्या सिनियरने काही न बोलता फॉइलवरून सोललेला एक कोरा तुकडा, अजिबात न ताणलेला, त्याच पाण्यात सोडला. तोही आक्रसला.

खरी परीक्षा त्यानंतर असते, म्हणजे आधी जाळी एकदा गरम करून तो जुना ताण काढायचा, मग गरम असतानाच ओढायची, तशीच धरून थंड करायची, सोडल्यावर किती टिकली ते मोजायचं आणि परत तापवल्यावर किती मागे आली ते. तेही एकदाच नाही, चार-पाच वेळा. आणि बहुतेक प्रकारांत परत थंड केल्यावर ती आपोआप ताणत नाही बरं का, दरवेळी आपल्यालाच ओढावी लागते.

जखमेवरच्या पट्टीसाठी वापरणार असंही लेखात आहे. कल्पना चांगलीच आहे, फक्त धाग्यात सॉल्व्हंट किती उरतो यावर एक ओळ तरी हवी होती, यातले बरेचसे सॉल्व्हंट विषारी असतात.

पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा शेजारी न ताणलेल्या तुकड्याचाही छापा, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक