अपेंडिक्सच्या रिपोर्टबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई ‘टाके सुकले, आता कशाला ते’ म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा पाऊसपाण्यावर येतात, म्हणून लिहूनच पाठवते आहे.

काढलेले अपेंडिक्स तपासणीला पाठवले होते, त्याचा रिपोर्ट आला आहे. त्यात सूज आहेच, परंतु भिंतीत सापडलेल्या पेशी मूळच्या अपेंडिक्सच्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी आईच्या स्तनातून जी गाठ काढली, तिच्यातल्याच आहेत. ती कर्करोगाची गाठ ‘लोब्युलर’, म्हणजे स्तनातल्या दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या प्रकारची होती, आणि हा प्रकार कधी कधी कित्येक वर्षांनी पोटातल्या अवयवांत डोके वर काढतो. अपेंडिक्सपर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

अपेंडिक्स म्हणजे एका टोकाला बंद असलेली, करंगळीहून बारीक नळी. एरवी तिचे तोंड बहुधा विष्ठेच्या खड्याने बुजते. आईच्या बाबतीत या पेशींनी भिंत जाड होऊन ते आवळले गेले, आतला चिकट स्राव अडला, दाब वाढून रक्तपुरवठा तुटू लागला आणि जंतूंना रान मोकळे मिळाले. म्हणूनच बेंबीपाशी सुरू झालेली कळ पहाटेपर्यंत उजवीकडे खाली उतरली आणि आई उजवा गुडघा पोटाशी घेऊन पडून राहिली. बाबा, तुम्ही तिला रात्री ओव्याचे पाणी दिलेत याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. सोनोग्राफीतही सुजलेल्या अपेंडिक्सपलीकडे काही दिसले नव्हते. हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. (शेजारच्या काकूंनी उपासाच्या साबुदाण्याला दोष दिला आहे, तेवढे मात्र मनावर घेऊ नये.)

अपेंडिक्स गेले म्हणून आजार गेला, असे समजता येणार नाही. तो शरीरात आणखी कुठे आहे का, हे पाहण्यासाठी कर्करोगतज्ज्ञ स्कॅन सांगतील. आई, पूर्ण बरे होण्याचे वचन मी देत नाही, कारण तुला खोटे लगेच कळते. मात्र या पेशी संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देऊन वाढणाऱ्या आहेत, आणि अशा आजाराला ती संप्रेरके रोखणाऱ्या गोळ्यांवर पुष्कळदा बराच काळ आवरून धरता येते.

मी मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. लोखंडी कपाटातली हिरवी फाइल काढून ठेवावी. जुन्या गाठीचा रिपोर्ट तिच्यात आहे आणि तो नव्या रिपोर्टशेजारी ठेवूनच डॉक्टर पुढचे ठरवतील.

आपली,
माई