यंदाचा मिरग ओसरीवरूनच बघा

ती. अण्णा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर अण्णा "बरं आहे" एवढंच म्हणून आईकडे फोन देतात आणि आई रडायला लागते. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते. आई, अण्णांना सावकाश वाचून दाखव.

अण्णा, पारावर कुणी तरी सांगितलं म्हणे की या बायपासच्या ऑपरेशनात काळीज बाहेर काढून ठेवतात. तसं काही नसतं. हृदय जागच्या जागीच असतं. तुमच्या ऑपरेशनात ते औषधानं काही वेळ शांत केलं होतं आणि तेवढा वेळ रक्त फिरवायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचं काम यंत्रानं केलं. 1953 साली अमेरिकेत जॉन गिबन नावाच्या सर्जननं असं यंत्र लावून एका 18 वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी केलं. तेव्हापासून जगभर लाखो लोक यातून उठून कामाला लागलेत.

तुमच्या हृदयाच्या तीन नसा तुंबल्या होत्या. चारी गाळानं बुजली की आपण बाजूनं दुसरी चारी काढून पाणी पुढं नेतो, तसं डॉक्टरांनी रक्त पुढं नेलंय. त्यासाठी एक नस छातीच्या आतलीच वापरली, बाकीच्या पायातून घेतल्या. म्हणून त्या पायाला सूज आहे. बसताना पाय उशीवर ठेवा, खाली लोंबकळत ठेवू नका. छातीच्या डाव्या बाजूला बधिर वाटतं म्हणालात, तेही त्या आतल्या नसेमुळंच. हळूहळू कमी होतं, त्याची धास्ती नको.

आता मुद्द्याचं. छातीचं मधलं हाड कापून स्टीलच्या तारांनी बांधलंय. हात मोडला तर प्लास्टर घालून तो गप्प ठेवता येतो. छाती कशी गप्प ठेवणार? प्रत्येक श्वासाला ती हलते. हे हाड बऱ्यापैकी सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने. ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी झालं, म्हणजे मिरग निघेल तेव्हा ते कच्चंच असणार. वरची जखम वाळली म्हणून आतलं हाड जुळलं असं नाही. डीएपी खताचं पोतं 50 किलोचं. तुम्हाला सध्या भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही. बैलाचा कासरा ओढायचा नाही, मोटारसायकल चालवायची नाही. बाजेवरून उठताना हातावर भार देऊ नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि मग उठा. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरूनच खोका. दुखतं म्हणून खोकला दाबला तर कफ आत साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. ते श्वास ओढून आतल्या प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलायचं यंत्र कपाटात ठेवलंय असं आई म्हणाली. काढा बाहेर, जागेपणी दर तासाला ओढा.

चालायचं मात्र रोज. ऊन चढायच्या आत मारुतीच्या देवळापर्यंत, दम लागला की थांबायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात नऊनंतर बाहेर पडूच नका.

आई, अण्णा चिडतात, गप्प बसतात, रात्री डोळे पुसतात, ते तुझ्यावरचा राग नाही. बायपासनंतर पहिले काही आठवडे अनेकांना असं होतं. झोप लागत नाही, तोंडाला चव नसते, मन खचतं. धट्टेकट्टे गडीसुद्धा रडतात. महिना-दीड महिन्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगू. आणि भेटायला येणाऱ्यांना पाच मिनिटांत वाटेला लाव, वाईट वाटलं तर वाटू दे. एक जण जातो न जातो तोच दुसरा येऊन कोण कसं गेलं ते सांगत बसतो, त्यानं माणूस आणखी खचतो.

भाकरी, वरण, पालेभाजी पोटभर दे. ठेचा, लोणचं, पापड नको, मिठानं अंगात पाणी साठतं. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी घरात ठेवूच नकोस. पायाच्या नसा जोडल्यात, त्या पुन्हा बुजू शकतात. रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्ट्रॉलची गोळी त्यासाठीच आहे. बरं वाटलं म्हणून ती बंद करायची नाही.

ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, छातीत हाड कटकट वाजल्यासारखं झालं किंवा एक-दोन दिवसांत वजन दीड-दोन किलोनं वाढलं, तर लगेच मला आणि डॉक्टरांना फोन करा. श्वास कोंडला, छातीत दुखायला लागलं किंवा ठोके वेडेवाकडे पडायला लागले, तर आधी 108 ला, मग मला. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

पेरणीचं काकांशी बोलले आहे, ते ट्रॅक्टर लावणार आहेत. पण किती पाऊस झाल्यावर पेरायचं, सोयाबीन किती आणि तूर किती, हे तुम्हीच ठरवा आणि ओसरीवर बसून त्यांना सांगा. तपासणीच्या तारखेला मी येतेच आहे, फाइल आणि गोळ्यांची पिशवी तयार ठेवा.

तुमची,
माई